दादूंची हाक आमच्या गाण्यात

आमचा बँड अजून कुणाला माहीत नाही, हे आधीच सांगते. समीर गिटार वाजवतो, मी लॅपटॉपवर आवाज कापते, जोडते, घुमवते. गेल्या हिवाळ्यात पोलादपूरच्या वरच्या एका वाडीत दादू नावाचे एक म्हशीवाले आपल्या म्हशींना हाक मारत होते, ती आम्ही रेकॉर्ड केली. तिच्यावरच आमचं पहिलं जमलेलं गाणं उभं राहिलं. शुक्रवारी ते सगळीकडे टाकायचं होतं. त्याआधी दादूंना ऐकवायला निघालो. वाडीत फोन लागत नाही, त्यामुळे न कळवताच.

पुण्याहून भोरमार्गे वरंध घाट उतरलो. पावसाळ्यात हा घाट बऱ्याचदा बंद असतो, चौकशी करूनच निघा. रस्ता मध्येमध्ये उखडलाय. महाड येईस्तोवर माझी कंबर बोलायला लागली होती. महाडला एका चाचांच्या खानावळीत सुरमईचं ताट खाल्लं. दोघांचं पाचशेत भागलं आणि सोलकढी दोनदा मिळाली. चाचांची मुलं दुबईत असतात. गाणं बाहेर आलं की मुलांना पाठवा, असं त्यांनी बजावलं. मुक्काम तिथेच केला.

सकाळी पोलादपूरहून जीपने वर गेलो. रस्ता संपला की पाऊण तास चढ, पाणी सोबत ठेवा. दारात काकी, दादूंची बायको, एकटीच बसली होती. दादू गणपतीच्या आधीच गेले, तिने शांतपणे सांगितलं. आम्ही का आलो ते समीरने अडखळत सांगितलं आणि आता निघतो म्हणाला.

"ऐकव गो," काकी मला म्हणाली. "मला त्यांचा आवाज ऐकायचाय."

मी स्पीकर अंगणात ठेवला. गिटार सुरू झाली आणि मग दादूंची हाक घुमली. समोरच्या उतारावर चरणाऱ्या चारही म्हशींनी माना वर केल्या आणि त्या धावत सुटल्या. कुंपण मोडून आत आल्या, स्पीकरभोवती उभ्या राहून हुंगू लागल्या. मला इतका आनंद झाला की मी व्हिडिओ काढायला मोबाइल काढला. मग काकीकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बंद कर. म्हशींना वाटतंय, ते आले."

वाडीत प्रत्येक घराची हाक वेगळी असते, तिने सांगितलं. दुसऱ्याच्या हाकेला म्हैस ढुंकून बघत नाही. दादू गेल्यावर म्हशी रानातच थांबायच्या, आणि वर बिबट्या आहे. दोन महिने काकी घसा फोडून त्यांना स्वतःची हाक शिकवत होती. आत्ता कुठे आठवडाभर त्या तिच्या हाकेला घरी येत होत्या. हे सांगून ती उठली आणि तिने हाक मारली. एकही म्हैस हलली नाही. पुन्हा मारली, आवाज फाटेपर्यंत. म्हशी बंद स्पीकरकडेच बघत राहिल्या.

मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. स्पीकर पिशवीत घालून आम्ही निघालो, तर म्हशी आमच्याच मागे. शेवटी शेजाऱ्यांनी दावी लावून त्यांना धरलं. "तुमची काय चूक नाय रे," काकी म्हणाली. "मीच ऐकव म्हणाले."

घरी येऊन गाणं थांबवलं. हाक काढून पाहिली. मागे नुसता गोंगाट उरला. समीर म्हणतो, दुसरं गाणं करू. कुणी त्या वाड्यांकडे जाणार असाल तर जरूर जा, पण स्पीकर नेऊ नका.

काल काकी बाजाराला पोलादपुरात उतरली होती, तिथून तिने फोन केला. म्हशी यायला लागल्या का, मी घाबरत विचारलं.

"तीन येतात गो," ती म्हणाली. "म्हातारी नाय येत. तुमी उतरलात ना, त्या वाटेवर उभी असते."