वजनाला ठेवलेली डाळ

आमच्या घरात सुनेला लग्नात मिळतं ते नाव कागदपत्रांपुरतं असतं. खरं नाव पडतं ते पहिल्या स्वयंपाकाच्या दिवशी आणि ते माझी नणंद ठेवते.

मी सोळाव्या वर्षी या घरात आले. पहिल्या दिवशी वांग्याची भाजी, वरण आणि भाकरी केली. वरणात मीठ घालायचं राहिलं. नणंद माझ्याहून चार वर्षांनी मोठी, तेव्हा माहेरपणाला आली होती. तिनं एक घास खाल्ला, ताट सरकवलं नाही, पाणी प्यायली आणि म्हणाली, "अळणी." तेवढंच. त्याला आता पन्नासावर वर्षं झाली. सासू गेली, नवरा गेला, नणंद पुसदला राहून पणजी झाली, पण फोन लावला की अजून विचारते, "अळणी हाये काय घरी?" नातू लहान असताना शाळेत घरच्या माणसांची नावं लिहायला सांगितली, तर त्यानं आजीपुढं अळणी असंच लिहिलं होतं. मास्तरांनी खाडाखोड केली नाही.

माझ्या सुनेचा पहिल्या दिवशी भात खाली लागला. तिचं नाव करपट. पुढं ती बचत गटाची अध्यक्ष झाली तेव्हा नणंद म्हणाली, "करपट अध्यक्ष झाली म्हंते." सून चार दिवस कोणाशी बोलली नाही. नाव मात्र गेलं नाही.

म्हणून नातवाचं लग्न झालं तेव्हा सगळ्यांना एकच काळजी, या पोरीला काय नाव पडतं. पोरगी नागपूरची. तिला भाकरी येत नाही, हे तिनं लग्नाआधीच सांगितलं होतं. खोटं बोलली नाही, हे मला आवडलं. ती केक वगैरे करायला शिकलेली. माहेराहून येताना भांडीकुंडी आणली नाहीत, एक ओव्हन आणला. काळा, दार असलेला, टीव्हीएवढा. आम्ही तो फ्रीजच्या बाजूला ठेवला आणि त्यावर झाकण घातलं.

एका सोमवारी नणंदेचा फोन आला. "बुधवारी येतो मी. नातसुनेच्या हातचं खाईन. नवी कवळी बसवली हाये, पंधरा दिवस झाले. चावून पाह्यतो."

मी पोरीला म्हटलं, "काय करशीन?"

ती म्हणाली, "कांद्याचा टार्ट करते, आजी. तो माझा कधीच बिघडत नाही."

टार्ट म्हणजे काय ते तिनं मला सांगितलं. उथळ भांड्यात मैद्याची जाड पोळी कडेपर्यंत बसवायची, तिच्यात शिजवलेला कांदा भरायचा, वरून अंडं आणि साय फेटून ओतायची आणि ओव्हनमध्ये भाजायचं. मी म्हटलं, हे तर कांद्याची भाजी आणि पोळीच झाली, फक्त पोळी खाली राहिली. ती हसली. पोरीला हसता येतं, हे चांगलं. पण नणंदेपुढं हसून चालत नाही.

"बाईले आंडं चालते," मी म्हटलं. "गुरुवार नसला म्हंजे. बुधवार हाये, जमलं."

बुधवारी मुलगा आणि सून कापूस वेचायला शेतात गेले. सून जाताना मला म्हणाली, "आई, पोरीवर ध्यान ठेवजा." म्हणजे काय ठेवायचं, ते तिनं सांगितलं नाही. ही काळजी तिला करपट या नावानंच शिकवली असेल. नातू यवतमाळला नोकरीवर. घरात आम्ही दोघीच. नणंदेची एसटी दुपारी बाराला फाट्यावर येते.

पोरीनं सकाळी फ्रीजमधून लोणी काढलं. दगडासारखं थंड. ते मैद्यात बोटांनी चुरायला लागली. मी बसले होते, हात रिकामे होते, म्हणून पुढं झाले. आपल्याला कणीक दिसली की हात जातोच. चांगलं दाबून, मुठी मारून मळायला लागले, तर तिनं माझं मनगट धरलं.

"आजी, मळू नका."

"काहून? मळल्याबिगर कायची पोळी?"

"मळलं तर टार्ट कडक होतो. याला जितका कमी हात, तितकं चांगलं."

जिंदगीभर लोकांनी मला सांगितलं, कणीक जितकी मळशीन तितकी चांगली. हिच्याकडं उलटं. पण कणीक तिची, नाव तिला पडणार. मी हात धुतले.

मग कांदा. घाटंजीच्या बाजारातून आणलेला दोन किलो. चिरायला मीच बसले, तेवढं मला सांगावं लागत नाही. तो तिनं कढईत घातला आणि गॅस इतका बारीक केला की मला वाटलं विझला. एक तास ढवळत राहिली. मी म्हटलं, एवढ्यात माझा चार माणसांचा स्वयंपाक होतो. ती म्हणाली, कांद्याला घाई चालत नाही. दोन किलो कांद्याचा शेवटी एवढासा गोळा झाला, गुळाच्या रंगाचा. मी बोटावर घेऊन चाटला. मीठ होतं. मीठ आहे की नाही, हे मी या घरात प्रत्येक पदार्थात आधी बघते. चव चांगली होती. तिला तसं सांगितलं नाही, कारण अजून पोळी व्हायची होती.

मी मागच्या दारी धुणं वाळत घालायला गेले. आले तेव्हा पोळी भांड्यात बसून ओव्हनमध्ये गेली होती, आतला लाल दिवा लागला होता आणि पोरगी घड्याळ बघत होती. दहाएक मिनिटं झाली असतील. दिवा विझला, पंखा थांबला. लाईट गेली.

आमच्याकडं लाईट गेली की कोणी दचकत नाही. पोरगी दचकली. ओव्हनचं दार उघडून बघितलं, परत लावलं. "आजी, अकरा वाजले."

"येईन लाईट."

"कधी?"

हे मला कोणी आजवर विचारलं नव्हतं. ती फोन घेऊन गच्चीवर गेली. खाली तिच्या फोनला आवाज येत नाही. लाईट कधी येणार, ते नवऱ्याला विचारायला. तो यवतमाळला बसून काय सांगणार होता, कोणास ठाऊक. मग वीज ऑफिसला फोन लावत ती तासभर वरच बसली.

मी बसून राहिले असते, पण मला ते नाव दिसायला लागलं. कच्ची. नणंद येणार, अर्धी कच्ची पोळी बघणार आणि पोरगी मरेपर्यंत कच्ची राहणार. टार्ट मला येत नाही. पण खालून आणि वरून सारखी आच कशी द्यायची, ते मला येतं. आमच्याकडं पानगे करतात. कणकेची जाड चपटी भाकरी पळसाच्या दोन पानांमध्ये दाबायची आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायची. भाजली की वरचं जळकं पान सोलून टाकायचं आणि खायचं. ओव्हन त्याहून वेगळं काय करतो? तो लाईटवर चालतो, एवढंच.

मागच्या अंगणात मी गोवऱ्या पेटवल्या. मोठ्या पातेल्यात तळाला रेती घातली. ओव्हनमधून भांडं काढलं. आत बघते तर पोळीवर पांढरा कागद आणि कागदावर हरभऱ्याची डाळ. चांगली दोन वाट्या.

मला बरं वाटलं. म्हटलं, पोरीला अक्कल आहे. नुसता कांदा कसा पुरणार, खाली डाळ घातलीय. कागदाचं थोडं विचित्र वाटलं. पानग्याचं पान बाहेरून असतं, हिचा कागद आतून. पण शिकलेल्या लोकांचं बरंच काही आतून असतं. मी डाळीवर कांदा पसरला, फेटून ठेवलेलं अंडं आणि साय ओतली, किसलेलं चीज होतं तेही घातलं. भांडं रेतीवर ठेवलं, झाकण लावलं, झाकणावर निखारे रचले. पाऊण तास तिथंच बसले. वासावरून कळतं कधी उतरवायचं. उतरवलं तेव्हा वरून लालसर, कडेनं खरपूस, मोठ्या हॉटेलात असतं तसं. आमच्या बचत गटाच्या अध्यक्षाचीही असं करायची छाती झाली नसती.

पोरगी गच्चीवरून उतरली. बघून तिचा चेहरा उजळला. "आजी, तुम्ही केलंत?" मग कडेचा कागद बाहेर आलेला तिला दिसला आणि ती हळू बोलली. "आजी, डाळ काढली ना?"

"कायची डाळ?"

तिनं कागदाचं टोक उचलून आत बघितलं. मग म्हणाली, "ती खायची नव्हती. वजनाला ठेवली होती. पोळी फुगू नये म्हणून. नंतर कागदासकट उचलायची असते."

"वजनाले?"

"हो."

"वजनाले दाळ काहून? घरात वरवंटा होता ना."

ती काही सांगणार तेवढ्यात फाटकाचा आवाज आला आणि त्याच्यामागून नणंदेचा. "अळणी, पाणी दे वं. एसटीत बसाले जागा नाही भेटली."

नणंद आली, पाणी प्यायली, चहा नको म्हणाली. पाटावर बसली नाही, आता गुडघे वाकत नाहीत, म्हणून खुर्चीवर बसली. पोरीनं टार्टचा तुकडा ताटलीत घालून पुढं ठेवला. मी भिंतीला टेकून उभी राहिले. सांगावं तर आत्ता सांगावं, असं वाटलं. पण म्हटलं, बघू, कदाचित डाळ शिजली असेल.

नणंदेनं तुकडा सगळीकडून बघितला. वास घेतला. मग कडेचा कागद दोन बोटांत धरला, वरचा थर उचलून धरला आणि कागद मधून सरकन ओढून काढला. ताटलीच्या बाजूला ठेवला.

"पळस नाही भेटला वाटते नागपूरवालीले," ती म्हणाली. "पानगा कागदात केला. बरं केलं, पान कडू लागते कधी कधी."

पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं बघितलं नाही.

नणंदेनं घास घेतला. चावला. चेहरा बदलला नाही, तिचा कधीच बदलत नाही. दुसरा घास घेतला. म्हणाली, "कांदा चांगला हाये. मीठ बी हाये." हे म्हणताना माझ्याकडं बघितलं. मग कट असा आवाज आला. ती थांबली. तोंडात बोट घालून एक डाळ काढली, ताटलीच्या काठावर ठेवली. परत चावलं. परत कट. आणखी एक डाळ. काठावर सात डाळी झाल्या, ओळीनं. मग तिनं कवळी काढली, पदरानं पुसली, उजेडात धरून बघितली आणि परत बसवली.

"दाळ भिजवली नोती काय वं?" ती पोरीला म्हणाली.

पोरगी पायाकडं बघायला लागली. तिनं सांगायला पाहिजे होतं. मी असते तर सांगितलं असतं, पहिल्याच वाक्यात. ती पायाकडंच बघत राहिली. नणंदेच्या तोंडात नाव तयार होताना मला दिसत होतं. दगडी किंवा गिट्टी. राजूरच्या खाणीकडं गिट्टीचे ट्रक जातात, तसलं काही तरी. ते एकदा बाहेर पडलं की परत आत जात नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक.

मी म्हटलं, "बाई, दाळ मी टाकली."

"तू?"

"हो. तिनं वजनाले ठेवली होती. मले वाटलं खाची हाये. लाईट गेलती. मी निखाऱ्यावर भाजलं."

"वजनाले कोणी दाळ ठेवते काय?"

"मी बी हेच म्हटलं."

नणंदेनं सातही डाळी बोटानं मोजल्या. मग पोरीला म्हणाली, "कांदा तुहा?"

"हो, आत्याआजी."

"पोळी तुही?"

"हो."

"जाळ हिचा, दाळ हिची." तिनं मान हलवली. "मंग तुले नाव कायचं ठेवू? तुहं अर्धंच हाये. अर्ध्याले नाव नाही ठेवता येत." आणि माझ्याकडं वळली. "तुले मात्र ठेवा लागते. अळणी जुनं झालं. आजपासून दाळवाली."

एवढं बोलून तिनं वरचा कांदा बोटानं निवडून खाल्ला, मग चहा करायला लावून खालची पोळी त्यात बुडवून खाल्ली आणि दुसरा तुकडा मागितला. डाळी मात्र सगळ्या काढून ठेवल्या, एकही सोडली नाही. पुसदला नेण्यासाठी एक तुकडा त्याच कागदात बांधून घेतला. जाताना फाटकातून म्हणाली, "दाळवाले, येतो मी." पन्नास वर्षांनी नाव बदललं तर माणसाला ओळखायला वेळ लागतो. ती दुसऱ्यांदा ओरडली तेव्हा मी ओ दिली.

संध्याकाळी सून शेतातून आली, सगळं ऐकलं आणि पोरीला नाव पडलं नाही म्हणून आधी खूश झाली, मग तिला राग आला. म्हणाली, "आमचं बी अर्धंच कराले पाह्यजे होतं." मी म्हटलं, तुझा भात तू पुरता करपवला होता, मी काय करू.

नणंदेनं काढून ठेवलेली डाळ मी धुतली. फेकवेना. दुसऱ्या दिवशी कुकरला लावली. आठ शिट्ट्या दिल्या, तरी दाताखाली कट. शेवटी कोंबड्यांना टाकली. त्यांनी खाल्ली, पण आनंदानं नाही.

पोरगी आता महिन्यातून एकदा टार्ट करते, लाईट असली की. चांगला होतो. नातवाला आवडतो, सुनेला आवडतो, मीही दोन तुकडे खाते. वजनाची डाळ तिनं एका डब्यात वेगळी ठेवलीय आणि डब्यावर चिठ्ठी चिकटवलीय. मोठ्या अक्षरात लिहिलंय, खायची नाही. मी चौथी शिकलेली आहे. मला वाचता येतं.