पाड्याचा एकच पासवर्ड

ती घटना आज आठवली की आधी हायसं वाटतं, भीती मागाहून येते. तेव्हा मी तलासरी भागात पोलीस ठाण्यात नेमणुकीला होतो. नावं कुणाचीच घेणार नाही.

उधव्याकडच्या एका पाड्यातली तरुण बाई नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून घर सोडून गेली होती. नवरा जामिनावर बाहेर होता आणि तिला शोधत होता. डहाणूतल्या एका महिला संस्थेने तिला गुप्त ठिकाणी ठेवलं होतं. तिथेच ती बाळंत झाली. बाळ अपुऱ्या दिवसांचं, डॉक्टरांनी त्याला हलवायला सक्त मनाई केलेली. संस्थेच्या वेबसाइटवर प्रत्येक बाईचं खातं होतं आणि हिच्या खात्यात त्या जागेचा पत्ता होता.

सकाळची हजेरी चालू असतानाच खबऱ्याचा फोन आला. "साहेब, तिचा नवरा ताडी पिऊन बोलतो का, बायकोचा पत्ता आता हातात येल. नाक्यावरच्या कॉम्प्युटर क्लासवाल्याला काम दिलाय त्याने."

दारुड्यांच्या बढाया मी जन्मभर ऐकल्या. त्यातल्या बहुतेक नशेबरोबर उतरतात. पण बढाईत तिसऱ्या माणसाचा धंदा आणि ठिकाण आलं की तिला खबर म्हणायचं. स्टेशन डायरीत नोंद घातली, पंच घेतले आणि क्लासवर गेलो. क्लासवाल्याच्या लॅपटॉपमध्ये संस्थेची खाती आणि पासवर्ड यांची फाइल निघाली. संस्थेचा संगणक दुरुस्तीला आला होता, तेव्हा या पठ्ठ्याने ती उतरवून घेतली होती. लॅपटॉप जप्त केला, पंचनामा केला, त्याला ठाण्यात आणलं.

संस्थेच्या ताईंना फोन लावला. त्या रडवेल्या झाल्या. "साहेब, घात झाला. त्या पाड्यातल्या सगळ्याजणींचा पासवर्ड एकच आहे."

"एकच? तो कसा काय?"

"शिबिरात खाती उघडली तेव्हा मी म्हटलं, इथे आपला एक शब्द टाका. नवी वही घेतली की या बायका पहिल्या पानावर देवीचं नाव लिहितात. इथेही सगळ्यांनी तेच टाकलं. शुभ काम म्हणून मीही अडवलं नाही."

मी कपाळाला हात लावला. एकीचं फुटलं म्हणजे सगळ्यांचं फुटलं. बाळाला हलवावं तर त्याच्या जिवाला धोका, न हलवावं तर नवरा दारात. गाडी तयार ठेवायला सांगितली आणि क्लासवाल्यासमोर बसलो. गडी तोंड पाडून बसलेला.

"पत्ता दिलास का त्याला?"

"कुठून देणार साहेब? काय उपयोगच नाय झाला." तो चक्क कुरकुरायला लागला. "मी बोललो, पाड्यातल्या बायका, निम्म्या जणींचा पासवर्ड तरी सेम असणार. सेम असला तर फाइलमध्ये पण सेम दिसतो. एक पकडला का सगळ्या खुलतात. पण एकीचा दुसरीशी मॅच नाय! एवढ्या हुशार बायका मी बघितल्या नाय, साहेब."

चौकशीतला माझा अनुभव आहे, खोटं बोलणारा शपथा घेतो आणि खरं बोलणारा कुरकुरतो. तरीही त्याचं बोलणं मला पटेना. ताई म्हणतात शब्द एक, हा म्हणतो सगळे वेगळे. सायबर शाखेतल्या महिला उपनिरीक्षक आल्या, दोघांचं म्हणणं ऐकलं, फाइल पाहिली आणि हसल्या.

"सर, दोघंही खरं बोलताहेत. फाइलमध्ये पासवर्ड नसतोच, त्याचं पीठ असतं. नागली एकदा दळली की पिठातून दाणा परत मिळत नाही. बाईने शब्द टाकला की साइट तो पुन्हा दळते आणि पीठ जुळतं का ते बघते."

"पण दाणा एकच, तर पीठही एकच निघेल ना?"

"म्हणून दळण्याआधी प्रत्येकीच्या शब्दात वेगवेगळ्या अक्षरांची चिमूट घालतात. तिला सॉल्ट म्हणतात. शब्द एक असला तरी पीठ प्रत्येकीचं निराळं. सगळ्यांनी एकच शब्द टाकलाय, हे फाइलवरून याला दिसलंच नाही."

"म्हणजे काळजी नाही?"

"आहे, सर. देवीचं नाव टाकून बघायचं त्याला सुचलं असतं तर खातं उघडलं असतं. पासवर्ड आत्ताच बदलून घ्या."

साइटच्या नोंदी तपासल्या. त्या खात्यात परकं कुणी शिरलेलं नव्हतं. मी गाडी परत पाठवली. क्लासवाल्याला अटक झाली, पाठोपाठ नवऱ्यालाही, आणि त्याचा जामीन रद्द झाला.

आयुष्यभर मी लोकांना सावध राहा, सावध राहा म्हणून दटावत आलो. या प्रकरणाने मला शिकवलं की माणसं चुकणारच, आणि ती चुकणार हे धरूनच कुलूप बनवायचं असतं. ती साइट बांधणाऱ्याने हा पाडा कधी पाहिलाही नसेल. तरी त्याने या बायकांच्या भोळेपणावर पांघरूण घातलं. कुठे भेटला तर त्याला सलाम ठोकीन.

दुपारी त्या बाईकडे मी स्वतः गेलो. बाळ तिच्या कुशीत झोपलं होतं. सगळं समजावलं आणि नवा पासवर्ड टाकायला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, फोन हातात घेतला आणि माझ्याकडे पाहत थांबली.

"काय झालं?" मी विचारलं.

"साहेब, तुम्ही जरा तिकडं तोंड करा."

मी वर्दीनिशी मुकाट्याने भिंतीकडे तोंड केलं. कुणाचा हुकूम पाळताना मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.