मुकी टाकी

सोलापुरात आमचं गोटी सोड्याचं दुकान आहे. आमचं म्हणजे आप्पांचं, माझ्या वडिलांचं. मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि लग्नानंतर शहराच्या दुसऱ्या टोकाला, जुळे सोलापूर या भागात राहते. दुकानात कार्बन डायऑक्साइडच्या लोखंडी टाक्या येतात. टाकी भरलेली आहे की नाही, हे आप्पा वजन करून पाहत नाहीत. मान धरून ती तिरकी करतात, हलवतात आणि ऐकतात. आत डुचमळलं की भरलेली. लोखंड मुळातच जड, हाताला काय कळणार, असं त्यांचं म्हणणं. कानावर मात्र त्यांचा फार भरवसा. "ज्या दिवशी कानाला टाकी कळंना, त्या दिवशी कुलूप," हे त्यांचं बोलणं घरात सगळ्यांना पाठ आहे. म्हणतात थट्टेत, पण आप्पा थट्टेतला शब्दही पाळणारे.

उन्हाळ्यात हा आवाज बंद होतो. होळी झाली की भरलेली टाकीसुद्धा गप्प बसते. आप्पा म्हणायचे, "टाकी मुकी झाली." मग पाऊस पडेपर्यंत टाकीवाल्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, आणि कुणावर विश्वास ठेवायचा म्हटलं की आप्पांच्या जिवावर येतं.

त्यामागचं कारण मला एम.एस्सी.ला असताना कळलं. प्रयोगशाळेत जाड काचेची एक बंद नळी होती. तिच्यात तोच वायू दाबून भरलेला. खाली द्रव, वर वायू, मधे स्वच्छ रेघ. नळी तापू लागली तसा द्रव फुगून विरळ होत गेला आणि वरचा वायू दाट होत गेला. एकतीस अंशांच्या आसपास रेघ पुसट झाली, क्षणभर सगळं दुधाळ दिसलं आणि रेघ गेली. उकळी नाही, बुडबुडा नाही. द्रव कुठे गेला असं विचारायची सोय नव्हती, कारण वायूही राहिला नव्हता. दोघं मिळून एकच काहीतरी झालं होतं. त्या तापमानाच्या वर कितीही दाबा, पुन्हा रेघ उमटत नाही. आणि सोलापूरचा उन्हाळा एकतिसाला विचारतो कुठे? टाकीत दोन गोष्टी वेगळ्या उरल्याच नाहीत, तर डुचमळणार काय?

मी हे आप्पांना सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "म्हंजे कान बराबर हाय की माजा," ते म्हणाले. माझ्या शिक्षणातून त्यांनी एवढंच घेतलं. वर्गात मात्र मी दरवर्षी हेच उदाहरण देते. पोरांना आलेख पटत नाही, सोड्याची टाकी पटते.

या जानेवारीत टाकीवाल्याचा फोन आला. "मॅडम, आप्पा भरलेल्या टाक्या परत पाठवायलेत. रिकामी हाय म्हणून भांडत्यात. वजन करून दावलं तर काटाच खोटा म्हनले."

मी रविवारी सकाळीच गेले. स्कूटरवर बोटं गारठली होती. आप्पा दुकानाच्या पायरीवर स्वेटर घालून, कानटोपी चढवून बसले होते. नवी टाकी ओट्यावर उभी होती. मी हात लावला तर बर्फासारखी गार.

"मुकी हाय," आप्पा म्हणाले.

"थंडीत मुकी होत नाही, आप्पा."

मी काय म्हणाले ते त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं.

"तूच सांगितलंस की. तापली की मुकी व्हती."

"तापायला ऊन कुठंय?"

त्यांनी आभाळाकडे पाहिलं. रस्त्यावर अजून धुकं होतं. मग "हिच्यामुळं आसंल" म्हणत त्यांनी कानटोपी काढली, मांडीवर घडी घालून ठेवली आणि बसल्या जागेवरूनच टाकीची मान धरून हलवली.

मला दोन हातांवरून ऐकू आलं. डुचुक, डुचुक. भरलेली घागर कमरेवर घेऊन चालताना येतो तसा तो आवाज. पुस्तकातला एकतिसाचा आकडा चुकीचा निघावा असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. टाकी गार होती, आत रेघ होती, सगळं जसं असायला हवं तसंच होतं. मला फार वाईट वाटलं.

आप्पांनी पुन्हा हलवली. या वेळी डोळे मिटून. "हाताला हालतंय," ते म्हणाले. "आत काय तर हाय."

आई चहा घेऊन मागच्या दारात आली होती. "वाजतंय की चांगलं!" ती म्हणाली. आप्पांनी वळून पाहिलं नाही. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि कप फळीवर ठेवला. तिला हे बरेच दिवस ठाऊक असावं.

मला खोटं बोलता आलं असतं. दुकान आणखी एक उन्हाळा चाललं असतं आणि टाकीवाला आणखी थोडा बदनाम झाला असता.

"पोरी, खरं सांग," आप्पा म्हणाले. "वाजतंय का?"

ते माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हते. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"वाजतंय," मी म्हणाले. ओठ नीट दिसतील असं, सावकाश.