स्पीकरांना जोर कमी पडून राहिला

मंडळी, दुपारी बडा फुहाऱ्याच्या बाजारातून परत आलो तेव्हापासून जेवण जाऊन नाही राहिलं.

बाबांचे दोन मोठे स्पीकर आहेत. आवाज चढवला की त्यांना जोडलेला, मीच आणून दिलेला रिसीव्हर आपोआप बंद पडायचा. बाबा म्हणायचे, "स्पीकर चांगले आहेत रे, त्यांना जोर कमी पडून राहिला." मी म्हणायचो, "भंगारात द्या." बाबा गेले, तरी माझं तेच चालू होतं.

आज विकायला म्हणून ते दुकानात नेले. दुकानदार भैयाने मागची पट्टी वाचली. "भैया, ये चार ओहम के हैं, ज़्यादा ताक़त माँगते हैं. आपका रिसीवर छोटा पड़ रहा है."

त्याने एक जड रिसीव्हर जोडला. मी बाबांनी घरीच रेकॉर्ड केलेलं आईचं भजन लावलं. रेकॉर्डिंग फार हळू आहे, म्हणून आवाज पूर्ण चढवला. पहिल्यांदाच काही बंद पडलं नाही. भजन संपलं आणि अगदी शेवटी बाबा बोलले, "ऐकू येऊन राहिलं ना रे?"

मी भर दुकानात "हो बाबा" म्हणालो.

स्पीकर परत आणले, रिसीव्हरही घेतला. नव्या रिसीव्हरचा खोका समोर आहे. उघडायची हिंमत होऊन नाही राहिली. तुम्ही उघडला असता?