सास्तूरच्या रस्त्यावर माझ्यामागं कोण होतं?

भूत, भास असलं कुणी सांगायला लागलं की उठून जाणाऱ्यांतली मी. त्यामुळं हे लिहिताना माझाच मला राग येतोय. पण इथं निदान मला कुणी ओळखत नाही...

मी लोहाऱ्यात मुलींचा कराटे क्लास घ्यायचे. मला शिकवलं ते सरांनी, पत्र्याच्या शेडमध्ये. ते सारखं सांगायचे, "भीती जात नसती बाई. ती आली की आधी श्वास सोडायचा, टाचा टेकवायच्या. हात नंतर." सांगताना माझ्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळवा ठेवायचे. दोन वर्षांपूर्वी सर आजारपणात गेले. त्यांच्या मातीला मी होते.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. सास्तूरच्या मुलींना प्रात्यक्षिक दाखवून स्कूटीवर परतत होते. भर दुपार. सोयाबीन निघालेलं, दोन्हीकडं उघडी रानं. मागून मोटरसायकल आली आणि आडवी लागली. दोघं होते. एकानं स्कूटीची किल्ली काढली, दुसऱ्यानं माझं मनगट धरलं.

आणि मी... काहीच केलं नाही. इतकी वर्षं शिकले, शिकवलं — आणि ऐनवेळी त्यानं धरलेल्या मनगटाकडं नुसती बघत राहिले.

तेवढ्यात पाठीवर तळवा टेकला. अगदी कानाजवळ — "श्वास सोड."

मी सोडला. टाचा टेकल्या. पुढचं अंगानंच केलं. मनगट सुटलं, कोपर त्याच्या बरगडीत बसलं, तो खाली पडला. किल्ली काढणारा माझ्याकडं बघतच नव्हता. तो माझ्या मागं बघत होता. हात जोडून म्हणाला, "चुकलं अज्जा... जाऊ द्या." किल्ली फेकून, पडलेल्याला ओढत दोघं गाडीवरून पळाले.

मी वळले. मागं कुणी नव्हतं. लपायला झाडसुद्धा नाही.

गाडीचा नंबर लक्षात होता. तक्रार दिली, दोघं सापडले. कर्नाटकातले, म्हणून ते 'अज्जा', म्हणजे आजोबा; आमच्याकडं कुणाच्या ओळखीचे नाहीत. वेगवेगळं विचारलं तरी दोघांनी एकच सांगितलं — "तिच्यासंगं एक म्हातारा होता. डाव्या हाताला करंगळी न्हाय."

सरांची डावी करंगळी त्र्याण्णवच्या भूकंपात दगडाखाली गेली होती.

ऐकून मी ठाण्यातच रडायला लागले. हवालदाराला वाटलं, माझी चोरी पकडली गेली.

"मॅडम, खरं सांगा. कुणासंगं गेला होता?"

"एकटीच होते."

"मग दोघंबी एकच कसं काय सांगायलेत?"

गावात पसरायला वेळ लागला नाही. दोघांनी भर रस्त्यात बाईला अडवलं, ते बाजूलाच राहिलं. तो म्हातारा कोण, एवढंच सगळ्यांना पाहिजे होतं. क्लासच्या मुली एकेक करून यायच्या बंद झाल्या. एकीची आई तोंडावर म्हणाली, "तुमी चांगल्या हाव हो मॅडम, पर लोक लई बोलायलेत."

एकदा जेवताना वडिलांनी विचारलं, "कोण होता तेवढं सांग. मी काय बोलणार न्हाय."

मी सांगितलं. सर होते, असं सांगितलं. ते अर्ध्या ताटावरून उठले. "मेलेल्या माणसाचं नाव तरी खराब करू नको," म्हणाले.

मला भास झाला म्हणावं, तर माझा भास त्या दोघांना कसा दिसला? आणि खरंच सर होते म्हणावं, तर... नाही, अजूनही माझ्या तोंडून ते धड निघत नाही.

केस उभी राहिलीय. त्यांचा वकील विचारणार, तुमच्यासोबत कोण होतं? मला शपथेवर खरं सांगायचंय. आणि खरं काय, ते मलाच माहीत नाही.