लाडकी पाहुणी होते

गंजाडच्या एका पाड्याने पैसे घेऊन शहरचे पाहुणे घरी ठेवायला सुरुवात केली, तेव्हा सगळं मिळूनच ठरवलं होतं. एका वेळी किती घरं उघडायची, कोणाकडे कोण उतरणार, सगळं. लाडकीच्या हाताला चव, म्हणून बहुतेक पाहुणे तिच्याकडेच येत. ती त्यांना कशालाही हात लावू देत नसे. पाणी हातात, भाकरी ताटात, उष्टं ताटही तीच उचलायची. पाहुणे ओटीवर बसून डोंगराचे फोटो काढत आणि रविवारी निघून जात. गेल्यावर त्यांची नावंसुद्धा तिला आठवत नसत. याचं तिला वाईट वाटायचं.

तिकडे समुद्रकाठच्या चिंचणीच्या कोळणीही पाहुणे ठेवू लागल्या होत्या. दोन्हीकडच्यांनी ठरवलं, एकमेकींकडे राहून बघू. बैठकीत लाडकीचं नाव निघालं, तशी ती लाजली. लग्नाबारशाला जाणं वेगळं. अनोळखी घरी पाहुणी म्हणून ती जन्मात गेली नव्हती.

चिंचणीच्या सुषमाने तिला खुर्ची दिली, चहा दिला, पंखा लावला आणि आरामात बसा म्हणून स्वतः कामाला लागली. भिंतीवरचे देव बघून झाले, कॅलेंडर बघून झालं. लाडकी भांडी घासायला उठली, तर सुषमाच्या सुनेने तिला परत बसवलं. जेवणात ताजा मासा होता, पण तिने ताटात अर्धा तसाच ठेवला. भरल्या घरात तिला एकटं वाटायला लागलं.

दुपारी सुषमा बोंबलांची पाटी घेऊन किनाऱ्यावर निघाली, तशी लाडकी अनवाणीच तिच्या मागे गेली.

"मलाही द्या ना काही काम," ती म्हणाली. "नुसती बसले की वाटतं, मी इथं कोणाची कोणीच नाही."

सुषमाने पाटी दोघींच्या मध्ये ठेवली. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी वाळायला दोरीवर टाकायची. लाडकीच्या पहिल्या काही जोड्या वाळूतच पडल्या. हसता हसता 'तुम्ही'चं 'तू' झालं. नवरे, सुना, गुडघे, सगळं बोलून झालं. रात्रीच्या जेवणाला लाडकीने रस्सा मागून घेतला.

परत आल्यावर तिने बैठकीत सगळं सांगितलं. तिचा दीर प्रविण म्हणाला, शहरची माणसं आरामाला येतात, कामाला लावलं तर येणार नाहीत.

"नको असेल त्याला ओटी आहेच की," लाडकी म्हणाली. "पण विचारायचं तरी."

पुढचे पाहुणे डहाणूचे होते, रेल्वेत नोकरी करणारा ललित आणि त्याची बायको अदिती. पाडा तेव्हा ओहोळावर वाळूच्या गोण्यांचा बांध घालत होता. लाडकीने भीतभीतच विचारलं. अदिती लगेच पाण्यात उतरली, मागोमाग पँट दुमडून ललितही. त्याने बांधलेल्या गोण्या सुटत होत्या. प्रविण त्या पुन्हा बांधत होता. दुपारनंतर पाणी बांधाशी थबकलं आणि मागे हळूहळू पसरायला लागलं. ललित कितीतरी वेळ तिथून हलला नाही.

उन्हाळ्यात दोघं पुन्हा आली. आधी ओहोळावर जाऊन पाणी किती उरलंय ते बघितलं, मगच घराकडे वळली. लाडकी मिरच्यांना पाणी घालत होती. "बरं झालं आलीस," म्हणत तिने कळशी अदितीच्या हातात दिली आणि चुलीवर चहा ठेवायला आत गेली.