ब्रेकवरचा पाय

बाबूअण्णा मिस्त्री गाडी जॅकवर चढवायचे, चाक हाताने हळूच फिरवायचे आणि डोळे मिटून ऐकत बसायचे. शिरोलीतल्या त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी कवडसे पडायचे, पलीकडून फाउंड्रीची घरघर यायची, आणि हा माणूस झोपला की काय, असं वाटायचं. विचारलं तर म्हणायचे, "चाक बोलाय लागलंय की सर. तुमी गप ऱ्हावा." ही गोष्ट दोन हजार सालच्या आसपासची. अण्णा आता नाहीत.

वडील गेल्यावर त्यांची जुनी काळी मोटार माझ्याकडे आली. पन्हाळ्याचा घाट उतरताना तिचे ब्रेक तापून लागेनासे व्हायचे. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक होतेच. मागचे जुने ड्रम ब्रेक काढून तिथेही डिस्क बसवायचं ठरलं. अण्णांनी महिनाभर घोळ घातला. मग एका सकाळी गाडी अशी गपकन थांबली, की मी खूश! त्याच दिवशी पन्हाळ्याहून आईला डोळ्याच्या ऑपरेशनला आणायचं होतं, आणि "येईन तर ह्यांच्याच गाडीतून" हा तिचा हट्ट.

"गाडी देत न्हाय," अण्णा म्हणाले. "ड्रमासंगं हँडब्रेकबी गेला. नवा अजून व्हायचाय. थांबणं येगळं, थांबून ऱ्हाणं येगळं."

मी चिडलो. गिअरमध्ये टाकीन, दगड लावीन म्हणालो, वर नको तेही बोललो. अण्णांनी हात पुसले आणि स्वतःच स्टिअरिंगवर जाऊन बसले.

पन्हाळ्यावर धुकं होतं. आमचं घर ऐन उतारावर. अण्णांनी माझ्याकडून चाकाखाली दगड लावून घेतला, तरी ब्रेकवरचा पाय काढला नाही. आई शेजारणींचा निरोप घेत बसली; पाऊण तास गेला. अण्णांनी चहासुद्धा खिडकीतूनच घेतला. "धुक्यात गाडी तरंगल्यागत वाटत्या," म्हणाले, जणू सहलीला आलेत.

"दगड आहे की अण्णा. उतरा जरा."

"आईसाबांचा एक पाय दारात असंल तवा दगडावर इस्वास ठिवू व्हय?"

बसताना आई खरंच तशी अडकली. एक पाय आत, एक बाहेर, सगळा भार माझ्या खांद्यावर. गाडी तसूभर हलली नाही.

"किती शांत उभी आहे रे," आई म्हणाली.

दवाखान्यापाशी अण्णा उतरले आणि मटकन पायरीवर बसले. पोटरीत गोळा आला होता. मी ती चोळायला वाकलो तर त्यांनी पाय मागे घेतला. मला माझीच लाज वाटली.

हँडब्रेकला त्यांनी पुढे दोन महिने लावले. कधी होईल, असं मी एकदाही विचारलं नाही.